तासावर मोजलेले भौतिकशास्त्र

मुलाला फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की ‘तासिका तत्त्वावर’, याची चौकशी प्रवेशाच्या वेळी कुणी पालक करीत नाही. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास, तितकेच मानधन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवले. महाराष्ट्रात मात्र प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानापेक्षा कमी मोल लावण्याची रीत आहे.

पण भौतिकशास्त्र फळ्यावर संपत नाही. स्पेक्ट्रोमीटर लावून ठेवणे, मुलांचे चुकलेले वाचन पुन्हा घ्यायला लावणे, जर्नल तपासणे, यातले बरेचसे काम तासाच्या हिशेबात येतच नाही. सुट्टीत तास नाही, म्हणून पैसाही नाही. जून उजाडला की नेट-सेट झालेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस पुन्हा मुलाखतीला उभा!

माझे आयुष्य बँकेत गेले. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यातल्या शिल्लकेवर रोजच्या रोज व्याज धरतात, अगदी रविवारीही. पैशाला सुट्टीचा मोबदला मिळतो. शिकवणाऱ्याला का मिळू नये? रिकाम्या जागा भराव्यात हे खरेच. तोवर निदान प्रयोगशाळेतला तास वर्गातल्या तासाइतका धरावा आणि नेमणूक पूर्ण वर्षाची द्यावी. एवढे तरी शासनाकडे मागायला पालकांनी पुढे यावे.