कवडसा कुठून येतो?



मिरगाच्या तोंडावर आपल्या नेरळ-कर्जतकडे कौले परतायचे काम निघते. घरातला जाणता माणूस आधी काय करतो? भर दुपारी दारे-खिडक्या लावून घेतो, माजघरात उभा राहतो आणि वर बघतो. जिथून कवडसा पडतो तिथून पाऊस येणार, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिडी लावून तेवढेच कौल बदलतो. एका कवडशासाठी कोणी सगळे छप्पर उतरवीत नाही.

आज पिकाचे सोडून कॅमेऱ्याचे सांगणार आहे. हसू नका. हल्ली गावोगावची मुले लग्नसराईत फोटो काढून चार पैसे मिळवतात. तोही एक जोडधंदाच आहे.

नेरळजवळच्या एका वाडीतला मुलगा माझ्या ओळखीचा. घरची दीड एकर भातशेती. एक जुना, वापरलेला कॅमेरा त्याने पोटाला चिमटा काढून घेतला. वळवाच्या सरी पडून गेल्या की माथेरानच्या पायथ्याच्या झाडांवर काजवे लखलखू लागतात. ते टिपायला शहरातून मंडळी येतात, मग आपणच का टिपू नयेत म्हणून हाही तिपाई घेऊन घराच्या परसात बसला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून माझ्याकडे आला.

"काका, लेन्स गेली."

प्रत्येक फोटोत उजव्या अंगाला जांभळट पट्टा. शहरातल्या एका दुकानदाराने फोटो पाहिला आणि लेन्स बदल म्हणून सांगून मोकळा झाला. पैसे होते, पण ते भाताच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी डब्यात ठेवलेले. त्याची आई मला म्हणाली, "साहेब, बी आणायचं की भिंग?"

मी म्हटले, "डब्याला हात लावू नका. आधी रोग ओळखू, मग औषध."

काजव्याचा उजेड तो केवढा! म्हणून असे फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा ३० सेकंद उघडा ठेवतात. एरवी तो सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता उघडतो. म्हणजे ३००० पट जास्त वेळ. कौलाला बारीक चीर असली तर एका शिंतोड्याने काही होत नाही, पण रात्रभर झड लागली की भिंत ओली होते. तसेच हे. लग्नाच्या फोटोत कधी न दिसलेली फट काजव्यांच्या फोटोत पट्टा होऊन उमटते. दिवसा धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून भिंगापुढे काळी काच लावतात, तेव्हाही हेच होते. १००० पट प्रकाश अडवणारी काच लावली की सेकंदाच्या तिसाव्या भागात होणाऱ्या फोटोला अर्धा मिनिट लागतो.

आम्ही परीक्षा घेतली ती अशी. भर दुपारी अंगणात तिपाई उभी केली. भिंगाला झाकण लावले आणि झाकणावर जाड काळे फडके गुंडाळले, कारण पातळ प्लॅस्टिकच्या झाकणाचा भरवसा नसतो. आयएसओचा आकडा १६०० वर ठेवून दोन मिनिटांचा फोटो घेतला. झाकण लावलेल्या कॅमेऱ्याने काळाकुट्ट फोटो द्यायला हवा. पण पट्टा होताच! म्हणजे उजेड पुढून भिंगातून येत नव्हता, दुसरीकडूनच शिरत होता. झाकण लावल्यावर पट्टा गेला असता, तर ती फट नव्हे. समोरचा किंवा बाजूचा दिवा भिंगावर चमकतो आहे असे समजावे आणि भिंगाला आडोसा करावा.

आता तुलनेचा वाफा. नवे खत देताना शेजारी एक वाफा बिनखताचा ठेवतो ना, तसा. कॅमेरा कोठीच्या अंधाऱ्या खोलीत नेला, घोंगडीत गुंडाळला आणि तसाच दोन मिनिटांचा फोटो घेतला. पट्टा नाही, फक्त काही रंगीत ठिपके. ते ठिपके आतला सेन्सर तापल्याने येतात, त्यांना घाबरू नये. काही कॅमेऱ्यांत एखादा कोपराही असा तापून जांभळा दिसतो, पण तो अंधाऱ्या खोलीतही दिसतो. आमचा पट्टा उजेडातच येत होता. म्हणजे फट नक्की.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अंगणात परत येऊन आधी मागची खिडकी, ज्याला डोळा लावून आपण बघतो ती, काळ्या फडक्याने झाकली. दोन मिनिटे झाली. फोटो काळाकुट्ट!

चोर तिथे होता. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो घेताना आरसा वर उचलला जातो, पण त्याच्या कडेने मागच्या खिडकीतला थोडा उजेड आत झिरपू शकतो. हातात कॅमेरा असताना आपला डोळाच तिथे बूच होऊन बसतो. तिपाईवर ठेवून आपण बाजूला झालो की खिडकी उघडी पडते. त्या रात्री मुलाच्या पाठीमागे त्याच्याच पडवीतला दिवा जळत होता. बिचाऱ्या भिंगावर उगाच आळ!

पुष्कळ कॅमेऱ्यांच्या पट्ट्यालाच या खिडकीसाठी रबराचे छोटे झाकण अडकवलेले असते. ते कशासाठी आहे हे न कळल्याने कुणी वापरत नाही. ज्या नव्या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, त्यांत या वाटेने उजेड येत नाही.

खिडकी झाकूनही पट्टा राहिला तर भिंग काढून कॅमेऱ्याच्या तोंडाला त्याचे झाकण लावावे आणि परत तशीच परीक्षा घ्यावी. पट्टा गेला तर दोष भिंगात किंवा सांध्यात. मग सांध्यावर काळे फडके गुंडाळून बघा. काही भिंगांवर अंतराचे आकडे दाखवणारी छोटी काच असते, तिच्यावर काळी चिकटपट्टी लावून बघा. काळी काच लावायची चौकट असेल तर झाकणाऐवजी ती बसवून तिच्या पुढून काळे फडके बांधा, आणि चौकट व भिंग यांच्यामधली फट झाकून बघा. दर वेळी एकच जागा आणि एकच फोटो. सगळे एकदम झाकले तर पट्टा जाईल, पण चोर सापडणार नाही. भिंग काढूनही पट्टा राहिला, तर मात्र दोष कॅमेऱ्याच्या पेटीत. तेव्हा कारागिराकडे जावे आणि हे सगळे फोटो त्याला दाखवावेत.

मी काही पहिल्यापासून शहाणा नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला रोलचा कॅमेरा होता. प्रात्यक्षिकाच्या भातखाचरांचे फोटो काढले, तर सगळ्यांवर नारिंगी-तांबडे ओघळ. रोल धुणाऱ्याला मी चार माणसांत बोललो. पुढे कळले, कॅमेऱ्याच्या मागच्या दाराची स्पंजाची पट्टी आपल्या कोकणच्या दमट हवेत कुजून भुगा झाली होती. फटीतून आलेला उजेड फिल्मवर मागल्या बाजूने पडला की असाच तांबडा डाग उमटतो. त्या माणसाची माफी मागायला गेलो तोवर त्याने दुकान हलवले होते. ती गोष्ट अजून मनाला टोचते.

शेतातही आपण हेच करतो. भाताचा मधला पोंगा सुकला की लगेच पंप पाठीला लावतो. अहो, तो पोंगा आधी ओढून बघा. सहज हातात आला आणि बुडाशी कुरतडलेला असला तर खोडकिडा. नाही आला तर कारण दुसरे. ओढून बघायला पैसे पडत नाहीत, फवारणीला पडतात.

मुलाने आईच्या जुन्या काळ्या लुगड्याचा तुकडा कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे. पडवीतला दिवाही तो आता मालवतो. काजव्यांनाही अंधारच मानवतो, कारण नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनेच शोधतात. परवा त्याने फोटो दाखवले. काळ्याभोर झाडावर नुसते हिरवे-पिवळे ठिपके, पट्ट्याचे नाव नाही.

आणि डब्यातल्या पैशांचे बी आले. आवण टाकून झाली.