विश्लेषण : गिरणी संपाच्या सिनेमात संघटना कुठे हरवली?

प्रियदर्शन यांच्या ‘कांचीवरम’ या तमिळ चित्रपटात रेशीम विणकर मालकाविरुद्ध संप करतात. त्यांचा म्होरक्या मात्र मुलीच्या लग्नातील रेशमी साडीसाठी धागे चोरत असतो. संप लांबला तर साडी अपुरी राहील म्हणून तोच सहकाऱ्यांना कामावर परतायला सांगतो. या चित्रपटाला 2007 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिरण्यांच्या मुंबईने संघटनेच्या आतला असा पेच पडद्यावर का पाहिला नाही?

आपल्याकडे काय दिसले?

महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (2010) जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारित आहे. चाळीतले घर, बंद पडलेली चूल, टोळीकडे वळलेला मुलगा हे सगळे खरेच घडले होते. पण प्रेक्षकाच्या लक्षात राहिली ती टोळी. कामगारांची बाजू मांडण्याचा हक्क कोणाला, हा संपाच्या मुळाशी असलेला प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न नेमका काय होता?

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस यांच्याइतकीच महत्त्वाची मागणी होती, मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 रद्द करण्याची. या कायद्यानुसार उद्योगातील 25 टक्के कामगार सदस्य असलेल्या संघटनेला ‘प्रातिनिधिक’ दर्जा मिळे आणि वाटाघाटीचा अधिकार तिच्याकडेच राही. गुप्त मतदानाची तरतूद नव्हती. हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. त्यामुळे कामगार एका नेत्यामागे आणि कायदा दुसऱ्या संघटनेमागे, अशी स्थिती झाली. सरकारने संप बेकायदा ठरवला आणि मालकांना सामंतांशी न बोलण्याची सबब आयतीच मिळाली.

मग संप कायद्यामुळेच फसला का?

एवढेच म्हणणे अर्धसत्य ठरेल. गिरण्यांतील यंत्रे जुनी होती, भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होते आणि अनेक मालकांना गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणे परवडत होते. माघारीची वाट न ठेवता बेमुदत संप ताणण्याची जबाबदारी सामंतांवरही येते. कामगार मात्र कोकणात, घाटावर गावी जाऊन तग धरून राहिले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पण ज्यांच्याशी तडजोड व्हायला हवी होती, त्यांच्याशी बोलणीच झाली नाहीत. ती दारे कायद्याने बंद केली होती.

आज हे का आठवायचे?

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत एकमेव वाटाघाटी संघटनेसाठी 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट आहे. एवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर वाटाघाटी परिषदेची सोय आहे. हे 25 टक्क्यांपेक्षा निश्चितच न्याय्य आहे. मात्र आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. शिवाय गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत राबणारे सुरक्षारक्षक, सफाई कामगार बहुतांशी कंत्राटी आहेत. मालक कोण हेच जिथे धूसर, तिथे 51 टक्के मोजायचे कुठे?

म्हणून ‘कांचीवरम’सारखा सिनेमा लालबागलाही हवा. त्यात सामंतांचा पुतळा उभारू नये आणि त्यांना खलनायकही करू नये. सातव्या महिन्यात घरी धान्य संपलेले असताना गेटसभेला जावे की कामावर, हे ठरवू न शकलेला कामगार त्यात दिसावा. टोळीत गेलेली मुले मोजकी होती. या पेचातून मात्र अडीच लाख घरे गेली.