बाकी उरू नये म्हणून

जळगाव जामोदला आम्ही वस्तीतल्या मुलांसाठी ५० वह्या आणल्या. मुले आली १२. प्रत्येकाला चार दिल्या, दोन उरल्या आणि त्या दोन वह्यांवरून भांडण जुंपले. ४८ आणल्या असत्या, तर मुले १२ येवोत, १६ येवोत की २४, सर्वांना सारख्याच मिळाल्या असत्या.

असे का? ५० ला विभाजक सहाच, ४८ ला दहा. ४८ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. मागच्या सर्वांना मागे टाकणाऱ्या अशा विक्रमी संख्या म्हणजे १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०. साठला विभाजक बारा, शंभराला मात्र नऊच! म्हणूनच डझनाचे आणि तासाचे भाग सहज पडतात.

या संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला. हेच रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते. तेव्हा आयाबायांनो, एका निकालावरून पोरांची शाळा सोडवू नका.

आणि बालमित्रांनो, ६० नंतरची विक्रमी संख्या कोणती? पाटीवर मांडून शोधा पाहू!