कार्बोरेटर साफ केला आणि गाडी सुरूच होईना!



रविवारी घरासमोर मोटारसायकल लावून कार्बोरेटर उघडायचा, धुऊन-पुसून परत बसवायचा, हे काम आपल्या वस्तीत बरेच जण स्वतःच करतात. त्यात चूक काहीच नाही. पण पुष्कळदा असे होते की सकाळपर्यंत अडखळत का होईना चालणारी गाडी, कार्बोरेटर बसवल्यावर किक मारून मारून पाय दुखला तरी सुरू होत नाही. सोमवारी पहाटेची पाळी असते. वर्तमानपत्र टाकणारा असो, भाजी नेणारा असो की कंत्राटी कामगार असो, गाडी बंद म्हणजे खाडा. मग गाडी ढकलत गॅरेजला न्यायची, ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका’ हे ऐकायचे आणि दोन-तीन दिवसांची मजुरी मोजून द्यायची!

हा खर्च अनेकदा टाळता येतो. हिशेबाचा ताळा जुळला नाही तर कारकून वही फेकून नवी आणत नाही. ताळा शेवटचा केव्हा जुळला होता ते तो पाहतो आणि त्यानंतरच्या नोंदी एकेक करून तपासतो. गाडीचेही तसेच आहे. इंजिन सकाळी चालत होते, संध्याकाळी चालत नाही. मग दोष बहुधा मधल्या वेळात जिथे हात लागला तिथेच असणार. म्हणून आधी तपास, मग पैसा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा नियम आला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तशी गाडी घरी उघडू नये. मात्र जुन्या गाड्या, पेट्रोलवरचे फवारणी पंप, समुद्रकिनाऱ्यावर फिरवतात त्या चार चाकांच्या कार्बोरेटरवाल्या एटीव्ही, या सगळ्यांना पुढील क्रम लागू पडतो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. काम मोकळ्या हवेत करा. जवळ चूल, शेगडी, दिवा, विडी काही नको. पेट्रोल वाटीत किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, घरात लहान मुले असतात.

आता पाना हातात न घेता पाहायच्या गोष्टी. पेट्रोलचा कॉक चालू आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? हँडलवर इंजिन बंद करायचे बटण असेल तर ते चालू बाजूला आहे का? चोक नेमका कोणत्या बाजूला आहे? पेट्रोलची नळी टाकीखाली दुमडली तर नाही ना? काम करताना एखादी वायर किंवा प्लगची टोपी निघाली का? आणि इंजिनात कचरा जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेले फडके काढले का? हसू नका, असे फडके आतच राहिल्याने अनेक गाड्या अडल्या आहेत.

एवढे पाहूनही गाडी सुरू झाली नाही तर आठ-दहा किक मारून स्पार्क प्लग काढा. प्लगच तुम्हाला पुढची वाट सांगेल.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा, खाली भांडे धरा. पेट्रोल आलेच नाही किंवा थोडे येऊन थांबले, तर अडथळा वरच्या बाजूला आहे: कॉकची जाळी, नळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र किंवा वाटीतला अडकलेला फ्लोट. झाकण उघडल्यावर धार वाढली तर दोष झाकणाचा. धार व्यवस्थित असेल तर खालच्या जेटकडे वळा.

प्लग पेट्रोलने चिंब असेल तर उलटा प्रकार आहे, इंजिन पेट्रोलने बुडाले आहे. कॉक बंद करा, चोक काढा, चावी बंद ठेवून प्लगविना काही किक मारा म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडेल. प्लग पुसून, वाळवून बसवा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा. पुन्हा तेच झाले, किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळू लागले, तर फ्लोटची पिन किंवा सुई नीट बसलेली नाही, तिच्याखाली कचरा आहे अथवा फ्लोटमध्येच पेट्रोल भरले आहे.

ठिणगीही पाहावी. पण त्याआधी सांडलेले पेट्रोल पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. प्लगच्या छिद्रापासून तो दूर असावा आणि हात फक्त रबरी टोपीला असावा. चावी चालू करून दुसऱ्याने किक मारली की ठळक ठिणगी दिसली पाहिजे. दिसली नाही तर दोष कार्बोरेटरचा नाही, प्लगचा किंवा वायरचा आहे.

ठिणगी आहे, पेट्रोल येते, तरी गाडी अडते? मग कार्बोरेटर पुन्हा उघडावा लागेल. चार जागा पाहा. एक, पायलट जेट. याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि गाडी सुरू होताना मुख्य काम त्याचेच. ते उजेडाकडे धरून पाहा. आरपार उजेड दिसला पाहिजे. टाचणी किंवा तार घालू नका, छिद्र मोठे होते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. दोन, स्लाईड. तिची तासलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी आणि खाच आतल्या खुंटीवर बसायला हवी. ती जोर लावून बसवायची नसते. तीन, इंजिनच्या बाजूची ओ-रिंग किंवा गॅस्केट. ती राहिली वा फाटली तर जादा हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. चार, हवेचा स्क्रू. तो हलकेच पूर्ण आत घेऊन बऱ्याच गाड्यांत दीड ते दोन फेरे बाहेर काढतात. पुढच्या वेळी काढण्याआधीच फेरे मोजून कागदावर लिहा. सुटे भाग ताटात क्रमाने मांडले तर घरातील मुलगा किंवा मुलगीही ही नोंद ठेवू शकेल. त्यांनाही हे शिकू द्या.

एक वेळी एकच गोष्ट बदला आणि किक मारून पाहा. चार स्क्रू एकदम फिरवले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

इतके करूनही यश आले नाही तर मिस्त्रीकडे जाण्यात कमीपणा नाही. पण ‘गाडी बंद पडली’ एवढेच सांगू नका. ‘काल कार्बोरेटर साफ केला, ठिणगी आहे, पेट्रोल येते, प्लग कोरडा आहे’ असे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे वाचतील. नवा भाग टाकलाच तर जुना परत मागा आणि पावती घ्या. घामाच्या पैशाचा हिशेब मागण्यात लाज कसली?