घाम आतून, पाऊस बाहेरून

हिवाळ्यात डोंगरवाटांवर सायकल चालवणारे आपल्या मंडळात आता आम्ही पाच-सहा जण तरी आहोत. दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोघांनी मला एकच प्रश्न विचारला : वॉटरप्रूफ जॅकेट कोणते घ्यावे? रांगेत उत्तर पुरे झाले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पाऊस अडवणारे जॅकेट मिळणे आज अवघड नाही. घाम बाहेर सोडणारे मिळणे अवघड आहे, आणि आपण जादा पैसे मोजतो ते बहुधा पहिल्या गोष्टीसाठी.

मी हे शिकलो ते अंगाशी आल्यावर. गेल्या जानेवारीत पीक डिस्ट्रिक्टमध्ये लँगसेटहून डरवेंटकडे जाणाऱ्या कट गेटच्या वाटेवर होतो. अंगात 240 पौंडांचे नवे जॅकेट, त्याच्या आत साधा सुती टी-शर्ट. पावसाचा थेंबही आत आला नाही. पण चढ संपेपर्यंत टी-शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला झाला होता. वर उघड्या माळावर वारा, तापमान 3 अंश, आणि नेमके तिथेच मागचे चाक पंक्चर! वीस मिनिटे उभे राहिल्यावर माझ्या बोटांना टायर धरवेना, आणि मी बोलतो ते सोबतच्या मित्राला कळेना. शरीराच्या आतले तापमान 35 अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. कापरे भरणे, बोटे काम न देणे, जीभ अडखळणे ही त्याची लक्षणे. मित्राच्या पिशवीत कोरडा लोकरी बनियन होता म्हणून धडपणे खाली आलो. घरी दोन लहान मुले वाट पाहत होती.

स्पेसिफिकेशन वाचून वस्तू घ्यायची ही आम्हा इंजिनिअरांची खोड. लेबलावर 20,000 मिलिमीटर असा आकडा होता, म्हणजे 20 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसते. पावसाचा दाब इतका कुठला असायला? कापडातून वाफ किती बाहेर जाते याचाही आकडा असतो, पण कंपन्या तो वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात, त्यामुळे दोन जॅकेटांची तुलना त्यावरून होत नाही. शिवाय बाहेरचे कापड भिजून जड झाले की वाफेची वाट जवळजवळ बंदच होते, मग आकडा काही का असेना.

कोकणात भात लावताना बायका इरले घेतात. डोके आणि पाठ झाकलेली, पुढून सगळे मोकळे. वाकून काम करणाऱ्याला दुसरे काय हवे? सायकलस्वारही वाकलेलाच असतो. फरक इतकाच, की तिथला पाऊस उबदार आहे आणि इथे ओले राहणे परवडत नाही.

म्हणून दुकानात पहिल्यांदा काखेखालच्या झिपा पाहा. त्या लांब हव्यात आणि हातमोजे घालून उघडता आल्या पाहिजेत. मग हँडल धरल्यासारखे पुढे वाका. कंबर उघडी पडली किंवा मनगट बाहेर आले तर जॅकेट परत ठेवा. हेल्मेट बरोबर न्या, टोपी त्यावर बसली पाहिजे. पाठीवर पिशवी घेत असाल तर तीन थरांचे कापड घ्या, पातळ कापड पट्ट्यांखाली लवकर झिजते.

आता खर्चाचे. 240 पौंडांऐवजी मी आज साधारण 120 चे, पण चांगल्या झिपांचे जॅकेट घेईन. उरलेल्या पैशांत मेरिनो लोकरीचा बनियन आणि बरे हातमोजे येतात. सुती कपडा आत नकोच.

आणि कृपा करून ते "चांगले" म्हणून न धुता ठेवू नका. मळ आणि घामाने कापडावरचे पाणी झटकणारे लेपन निकामी होते. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र चुकूनही नको. त्यासाठीचा खास साबण वापरा आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा, म्हणजे लेपन पुन्हा काम करू लागते. आमच्या घरी हा उद्योग दर दोन महिन्यांनी होतो आणि त्यावर सौ.ची मते वेगळी आहेत. असो.

माझे जुने जॅकेट मध्यम मापाचे आहे. कुणाला घालून, वाकून पाहायचे असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला गाडीत घेऊन येईन.