जर्मनीत लाखो लोक चर्च सोडत होते, तरी चर्चची कमाई वाढत होती. मग आता गणित कुठे बिघडलं?

समजा, वसईचा एक मुलगा आयटीतल्या नोकरीसाठी म्युनिकला गेला. तिथे पोहोचल्यावर पहिलं काम असतं ते स्थानिक ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचं. फॉर्मवर एक रकाना असतो, धर्म. हा सवयीने 'कॅथलिक' लिहितो आणि विसरून जातो. महिनाअखेरीला पगाराची स्लिप बघतो, तर आयकर, पेन्शन, आरोग्य विमा यांच्या सोबत आणखी एक कपात दिसते. किर्खेनश्टॉयर, म्हणजेच चर्च टॅक्स.

इकडे रविवारच्या मिस्सेत फिरणाऱ्या थैलीत शंभराची नोट टाकायची सवय. तिकडे सरकारच पगारातून पैसे कापून चर्चला देतं.

जर्मनीतल्या चर्चचं अख्खं अर्थकारण याच एका कपातीवर उभं आहे. आज तिथे शेकडो धर्मग्रामं एकमेकांत विलीन होतायत, इमारती विकल्या जातायत, धर्मगुरू परदेशातून आणावे लागतायत. हे अचानक घडलेलं नाही. पैसा येत राहिला की संस्था स्वतःकडे बघायचं कसं टाळते, याची ही गोष्ट आहे. नीट समजून घेऊया.

चर्च टॅक्स म्हणजे नेमकं काय?

हा टॅक्स उत्पन्नावर लागत नाही, तुम्ही भरलेल्या आयकरावर लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांत आयकराच्या 8 टक्के, बाकी सगळीकडे 9 टक्के. म्हणजे म्युनिकच्या आपल्या मुलाचा वर्षाचा आयकर 12 हजार युरो असेल, तर चर्च टॅक्स 960 युरो. रुपयांत लाखाच्या घरात.

हा टॅक्स सगळ्यांना नसतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा नोंदणीकृत सभासद असेल त्यालाच तो लागू होतो. ज्यू समुदायासारखे काही गटही अशी वर्गणी घेतात. त्याच ऑफिसात बसणाऱ्या पुण्याच्या हिंदू सहकाऱ्याच्या स्लिपवर ही ओळ नसते. वसुली सरकारचं करखातं करतं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून थोडे टक्के स्वतःकडे ठेवतं.

याचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. 1803 मध्ये जर्मन राजांनी चर्चच्या जमिनी आणि मठ ताब्यात घेतले. त्या बदल्यात चर्चचा खर्च उचलायची जबाबदारी राज्यांवर आली. हा खर्च झेपेना, तेव्हा 19 व्या शतकात सभासदांवर कर बसवायची पद्धत सुरू झाली. 1919 च्या वायमार राज्यघटनेने चर्चला हा अधिकार दिला आणि 1949 च्या राज्यघटनेने तो तसाच पुढे चालू ठेवला. गंमत म्हणजे त्या 1803 च्या जमिनींची भरपाई राज्यं आजही देतात, वर्षाला सुमारे 60 कोटी युरो. ती कायमची मिटवून टाका असं घटनेतच लिहिलंय. शंभर वर्षं झाली, अजून मिटलेली नाही.

माणसं कमी, पैसे जास्त. हे कसं?

2010 मध्ये जर्मनीत 2 कोटी 46 लाख कॅथलिक होते. 2022 मध्ये 2 कोटी 9 लाख. म्हणजे बारा वर्षांत 37 लाख माणसं कमी झाली. याच काळात कॅथलिक चर्चची टॅक्सची कमाई साधारण 480 कोटी युरोंवरून 680 कोटींच्या वर गेली.

कारण साधं आहे. या काळात जर्मनीत नोकऱ्या वाढल्या, पगार वाढले, त्यामुळे आयकर वाढला आणि त्याच्या शेपटीला बांधलेला चर्च टॅक्सही वाढला. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी याच वर्षांत करिअरच्या शिखरावर होती. जास्त पगार, जास्त आयकर, जास्त चर्च टॅक्स.

थोडक्यात, चर्चकडे दोन मीटर होते. एक पैशाचा, एक माणसांचा. पैशाचा मीटर वर जात होता म्हणून माणसांच्या मीटरकडे कुणी घाईने बघितलं नाही.

तो मीटर काय सांगत होता? जर्मन कॅथलिक चर्च वर्षातून दोन ठरलेल्या रविवारी मिस्सेला आलेली माणसं मोजतं. 2024 मध्ये हे प्रमाण होतं 6.6 टक्के. शंभर सभासदांतले त्र्याण्णव त्या दिवशी आलेच नाहीत. त्याच वर्षी सुमारे 1 लाख 16 हजार जणांना स्नानसंस्कार मिळाला, तर 3 लाख 21 हजारांहून जास्त लोकांनी चर्च सोडलं. नवे धर्मगुरू किती तयार झाले? अख्ख्या देशात 29.

चर्च 'सोडणं' म्हणजे काय?

आपल्याकडे एखाद्याने चर्चला जाणं बंद केलं तर कागदावर काही बदलत नाही. जर्मनीत मात्र कोर्टात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन रीतसर राजीनामा द्यावा लागतो. बऱ्याच राज्यांत त्यासाठी फीसुद्धा आहे. राजीनामा दिला की टॅक्स बंद.

पण किंमत मोजावी लागते. 2012 मध्ये जर्मन बिशपांनी स्पष्ट केलं की जो राजीनामा देईल त्याला कम्युनियन नाही, धर्मबाप होता येणार नाही, आणि मृत्यूनंतर चर्चचा अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. टॅक्स नको पण श्रद्धा हवी, असा मधला रस्ता ठेवलाच नाही. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं की हे श्रद्धेचं सभासदत्व आहे की क्लबचं?

सोडणाऱ्यांत 25 ते 35 वयाचे लोक जास्त असतात. म्हणजे पहिला मोठा पगार, पहिली मोठी कपात. पण फक्त पैशामुळे लोक जातात असं म्हणणं अर्धसत्य आहे. पगाराची स्लिप हे निमित्त असतं. विश्वास आधीच उडालेला असतो.

विश्वास का उडाला?

तीन प्रकरणं लक्षात ठेवा.

पहिलं, लिम्बुर्ग. 2013 मध्ये तिथल्या बिशपच्या निवासस्थानाचा खर्च 3 कोटी 10 लाख युरोंवर गेल्याचं उघड झालं. बिशप फ्रान्त्स-पीटर टेबार्ट्झ-फान एल्स्ट यांना आधी बाजूला केलं गेलं आणि 2014 मध्ये पोपनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की बिशपच्या हातात असा निधी असतो ज्याचा हिशोब बाहेर कधी येतच नाही. त्यानंतर धर्मप्रांतांनी ताळेबंद जाहीर करायला सुरुवात केली. 2015 मध्ये कोलोनने आपली मालमत्ता सुमारे 335 कोटी युरो असल्याचं सांगितलं.

दुसरं, आइश्टेट. बव्हेरियातल्या या छोट्या धर्मप्रांताने कंपन्यांसारखी हिशोबपद्धत आणायचं आणि बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घ्यायचं ठरवलं. त्यातून 2018 मध्ये बाहेर आलं की सुमारे 6 कोटी डॉलर अमेरिकेतल्या बांधकाम प्रकल्पांना पुरेसं तारण न घेता कर्जाऊ दिले गेले होते. हे कुठल्या पत्रकाराने खणून काढलं नव्हतं. चर्चने स्वतःचे हिशोब तपासायला घेतले म्हणून ते सापडलं. आपली तपासणी आपण का करायची, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

तिसरं आणि सगळ्यात गंभीर, लैंगिक शोषण. 2018 मध्ये चर्चनेच करून घेतलेल्या अभ्यासात 1946 ते 2014 या काळातले 3,677 पीडित आणि 1,670 आरोपी धर्मगुरू नोंदवले गेले. 2020 मध्ये कोलोनच्या आर्चबिशपनी आपल्या धर्मप्रांताबद्दलचा एक अहवाल त्यात कायदेशीर त्रुटी आहेत असं सांगून प्रसिद्धच केला नाही. दुसरा अहवाल मार्च 2021 मध्ये आला. तोवर कोलोनच्या कोर्टात राजीनाम्यासाठी अपॉइंटमेंट मिळेनाशी झाली होती. 2022 मध्ये एकट्या कोलोन धर्मप्रांतातून 51 हजारांहून जास्त लोक बाहेर पडले आणि देशभरातून 5 लाख 22 हजार. कॅथलिक चर्चसाठी हा विक्रम होता.

आइश्टेट आणि कोलोन शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे स्वतःची तपासणी झाली. एकाने निकाल बाहेर आणला, दुसऱ्याने आधी दाबून ठेवला. तपासणी करणं सोपं असतं, निकाल लोकांपुढे ठेवणं अवघड.

कर्मचाऱ्यांचं काय?

कॅथलिक चर्चची समाजसेवा संस्था कारितासकडे सुमारे 7 लाख लोक काम करतात. हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, बालवाड्या. प्रोटेस्टंट चर्चच्या डियाकोनीचाही पसारा असाच आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही हॉस्पिटलं मुख्यतः चर्च टॅक्सवर चालत नाहीत. त्यांचा बहुतेक पैसा विमा कंपन्या आणि सरकारकडून येतो. पण नियम मात्र बरीच वर्षं चर्चचे होते.

ड्युसेलडोर्फमधल्या एका कॅथलिक हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरने घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून त्याला 2009 मध्ये कामावरून काढलं. केस युरोपियन कोर्टापर्यंत गेली आणि 2019 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी 2022 मध्ये चर्चच्या सव्वाशे कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन आपण समलैंगिक किंवा क्वीअर आहोत असं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिशपांनी नियम बदलले आणि कर्मचाऱ्याचं लग्न, जोडीदार हा नोकरीचा विषय राहिला नाही. कर्मचारी मिळेनासे झाल्यावर आणि कोर्टात हरल्यावर हा बदल आला, हेही तितकंच खरं.

धर्मगुरूंची टंचाई तर आहेच. त्यांना सरकारी अधिकाऱ्याच्या तोडीचा पगार मिळतो, तरी तरुण येत नाहीत. म्हणून आज जर्मनीतल्या कितीतरी गावांत मिस्सा घेणारे फादर भारतीय आहेत, त्यातले बरेचसे केरळचे. ज्या जर्मनीतून एकेकाळी मिशनरी आपल्याकडे यायचे, तिथे आता आपल्याकडून फादर जातात.

आता विलीनीकरण

2019 मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दोन्ही चर्चसाठी अंदाज काढला. 2017 मध्ये दोघांचे मिळून 4 कोटी 48 लाख सभासद होते. 2060 पर्यंत 2 कोटी 27 लाख उरतील. टॅक्सची रक्कम कागदावर टिकेल, पण महागाईमुळे तिची ताकद निम्मी होईल. सगळ्यात बोचरा निष्कर्ष वेगळाच होता. या घटीतला निम्म्याहून कमी भाग म्हातारपण आणि मृत्यूमुळे आहे. बाकीची घट लोक सोडून जातात आणि मुलांना चर्चमध्ये आणत नाहीत म्हणून आहे. म्हणजे काही गोष्टी हातात होत्या.

याच फ्रायबुर्गच्या धर्मप्रांताने 1 जानेवारी 2026 पासून आपली हजारावर धर्मग्रामं एकत्र करून फक्त 36 केली. ट्रियरनेही 887 ची 35 करायचं ठरवलं होतं, पण काही धर्मगुरू आणि सभासदांनी थेट व्हॅटिकनकडे तक्रार केली आणि 2019 मध्ये ती योजना थांबली.

हिशोबाच्या दृष्टीने विलीनीकरण सोयीचं आहे. एक ऑफिस, एक बजेट, एक अकाउंटंट. पण गावातल्या आजीला विचारा. तिच्या चर्चच्या छताची दुरुस्ती आधी ओळखीची पाच माणसं ठरवायची. आता ते चाळीस किलोमीटरवरची समिती ठरवते. ज्या चर्चमध्ये माणसं उरलेलीच नाहीत तिथे वेगळे मार्ग निघतात. आखेनमधलं सेंट जोसेफ चर्च 2006 पासून अस्थिकलश ठेवण्याची जागा आहे.

आपल्याकडे चित्र काय आहे?

महाराष्ट्रात चर्च टॅक्स नाही. वसईचं धर्मग्राम असो की अहिल्यानगरची एखादी प्रोटेस्टंट मंडळी, पैसा येतो तो अर्पण, दशांश, देणग्या आणि मालमत्तेच्या उत्पन्नातून. लोक नाराज झाले तर पुढच्याच रविवारी थैली हलकी होते. पैशाचा आणि माणसांचा मीटर इथे जवळपास एकच आहे. शिवाय चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल, तर हिशोब, ऑडिट, विश्वस्त बदलल्याची नोंद आणि जमीन विकण्याआधी परवानगी, हे सगळं कायद्याने बंधनकारक आहे.

विलीनीकरणाचा धडाही आपल्याकडे आधीच गिरवला गेलाय. 1970 मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यातल्या गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. 2013 मध्ये कोर्टाने सांगितलं की नुसता ठराव करून एका ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. एकत्र येऊन चार दशकं उलटली, तरी जमीन कुणाची हा प्रश्न शिल्लक होता.

कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदाही हेच सांगतो. 1983 च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, आणि भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब भाविकांना द्यायला हवा. जर्मनीत असो वा वसईत, नियम एकच. फरक इतकाच की जर्मनीत पैसे आपोआप येत होते, म्हणून हिशोब मागणाऱ्याचा आवाज उशिरा पोहोचला.

त्यामुळे तुमच्या चर्चची, देवस्थानाची, मंडळाची किंवा सोसायटीची वार्षिक सभा असेल तेव्हा फक्त शिल्लक किती हे विचारून थांबू नका. गेल्या वर्षी किती जण आले, किती जण यायचे थांबले आणि त्यांना कुणी कारण विचारलं का, हेही विचारा. जर्मनीत हे आकडे दरवर्षी छापून येत होते. शिल्लक चांगली दिसत होती म्हणून ते कुणी मनावर घेतले नाहीत.