मोहाचा वास
या आठवड्यात जबलपूरच्या बाजारात सुकलेली मोहफुलं हुंगली आणि कुबट वास नाकात बसला. मंडला-दिंडोरीकडच्या घरगुती मोहाच्या दारूला वास मारला की लोक भट्टीला नावं ठेवतात. दोष बहुतेकदा फुलांचाच. मार्च-एप्रिलात गळलेली फुलं ओल्या मातीवरून वेचून अर्धवट सुकवली की बुरशी धरते आणि तोच वास थेंबाथेंबातून उतरतो. आंबवणाला हवा लागली तर व्हिनेगरसारखा दर्प, गाळ तळाला लागला तर करपट. झाडाखाली जाळी बांधून झेललेली फुलं मात्र कशी स्वच्छ, मधाळ! मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला, उत्तम केलं. आता वेचणाऱ्या बायकांना जाळ्याही द्याव्यात. आणि मंडळी, दारूतलं विषारी मिथेनॉल मात्र नाकाला कळत नाही; अनोळखी बाटलीला हात लावू नका.